सासूबाई काचेला चिकटल्या आहेत

पंख्याची पाती पुसायला टेबलावर चढू नये, हे बाळ गुप्त्यांना सुहासिनीताईंनी लग्नाच्या छत्तीस वर्षांत साधारण छत्तीस वेळा सांगितलं होतं. म्हणजे दर दिवाळीला एकदा. त्यासाठी घरात शिडी होती. शिडी माळ्यावर होती, आणि माळ्यावरून शिडी काढायला शिडी लागायची, हा मुद्दा मात्र छत्तीस वर्षांत कुणीच लक्षात घेतला नव्हता.

सुहासिनीताई शनिवारी आठ दिवसांसाठी नाशिकला धाकट्या बहिणीकडे गेल्या आणि रविवारी सकाळी गुप्त्यांना पंख्यावरची धूळ दिसली. एरवी ती त्यांना दिसत नसे. पण बायको गावाला गेली की नवऱ्याला घराचं फार प्रेम येतं. त्यांनी टेबलावर घडी करून चादर टाकली, खुर्चीवर पाय दिला आणि टेबलावर उभे राहिले. तीन पाती पुसून झाली. चौथं नव्हतंच. त्या आनंदात त्यांनी वजन डाव्या पायावरून उजव्या पायावर घेतलं, आणि पायाखालून आवाज आला, "टक्."

आवाज अगदी लहान होता. सुपारी अडकित्त्यात फुटावी तेवढा. गुप्ते खाली उतरले, चादर उचलली. टेबलावरच्या काचेला डाव्या कडेपासून आत एक तडा गेला होता.

गुप्ते वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी डोंबिवली-कल्याणच्या दुकानदारांच्या तराजूंची झोप उडवली होती. पाच मिलिमीटर जाडीची काच आपलं बहात्तर किलो वजन पेलेल की नाही, एवढंच तपासायचं राहून गेलं होतं. पण संकटात माणूस आपल्या विद्येकडेच धावतो. त्यांनी खात्याच्या शिक्क्याची पोलादी पट्टी काढली, तडा मोजला आणि डायरीत लिहिलं : 'रविवार, स. १०.२०. तडा १४.२ सें.मी.'

आता काच तडकली तर नवी आणावी, त्यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. गुप्त्यांनाही वाटलं. पण टेबलाच्या काचेखाली काय काय असतं ते ज्यांच्या घरी असं टेबल आहे त्यांनाच कळेल. गॅसवाल्याचा नंबर, जो आता सहा आकडी राहिलेला नाही. दातांच्या डॉक्टरांच्या वेळा. डॉक्टर वारून अकरा वर्षं झाली. भाच्याच्या मुंजीची पत्रिका. त्या भाच्याचं आता टक्कल दिसायला लागलंय. रेल्वेचं एक वेळापत्रक, ज्यातली एकही गाडी आता त्या वेळेला येत नाही. तशी ती तेव्हाही येत नव्हती. आणि या सगळ्याच्या मधोमध सुहासिनीताईंच्या आईचा फोटो.

ठाण्याच्या तलावपाळीवर कुणीतरी काढलेला तो काळा-पांढरा फोटो होता. सासूबाई बोटीत बसल्या आहेत, वय सव्वीस. सासरेबुवांची एक चप्पल नुकतीच तलावात पडली आहे आणि फोटोच्या कोपऱ्यात ती तरंगताना दिसते आहे. सासरेबुवा वाकून तिच्याकडे हताशपणे बघत आहेत. आणि सासूबाई मान मागे टाकून खळखळून हसत आहेत. त्यांचे बाकीचे जे पाच-सात फोटो घरात होते, त्यांत त्या परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या असल्यासारख्या दिसायच्या. हसतानाचा हा एकच. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. सासूबाई जाऊन तीस वर्षं झाली होती.

तडा त्या फोटोच्या दिशेने निघाला होता.

गुप्त्यांनी काचेची कड हळूच उचलून बघितली. गॅसवाला, दातांचे डॉक्टर, मुंज, रेल्वे सगळे टेबलावरच राहिले. फोटो मात्र काचेबरोबर वर आला, पाठीला टेबलावरच्या हिरव्या कापडाचा तुकडा घेऊन. त्यांनी फोटोचा एक कोपरा नखाने किंचित ओढला. कागद सुटला आणि त्यावरचं आकाश काचेवरच राहिलं. चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

आता शहाण्या माणसाचा सल्ला घ्यायला हवा होता. शेजारची नीरजा ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. गुप्त्यांनी मोबाइलवर तिला मेसेज लिहिला. खात्यात असताना त्यांचे अहवाल मोजक्या शब्दांत असत म्हणून वाखाणले जात. हाही तसाच होता : 'आमच्या सासूबाई टेबलाच्या काचेला चिकटल्या आहेत. काच तडकली आहे. ओढलं तर सोलवटतात. सुहासिनी यायच्या आत सोडवायला हव्यात. कृपया कोणाला सांगू नये.'

मेसेज गेला तो मात्र 'मंदारकृपा रहिवासी' या सोसायटीच्या ग्रुपवर. चौसष्ट बिऱ्हाडं.

पहिल्या दोन मिनिटांत तीन जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. एकाने अग्निशमन दलाचा नंबर टाकला. एका बाईंनी 'काच फोडू नका, आधी पोलिसांना कळवा' असा सल्ला दिला. तळमजल्यावरच्या एका सभासदाने, जो कुठल्याही विषयावर हेच लिहितो, विचारलं, 'पण मंगळवारी पाणी येणार का?'

गुप्त्यांनी घाईघाईने मेसेज पुसला. पुसताना मोबाइलने काहीतरी दोन पर्याय विचारले, त्यातला वरचा दाबला. मेसेज नाहीसा झाला. सुटलो, असं म्हणून ते खुर्चीत टेकतात तोच बेल वाजली. दारात नीरजा.

"काका, ग्रुपवर टाकलंत."

"पुसला मी तो."

"तुमच्या एकट्याच्या फोनवरून पुसलात. बाकी सगळ्यांना दिसतोय."

"सुहासिनीला?"

"काकू ग्रुपवर आहेत ना?"

"आहे. पण ती ग्रुप बघत नाही," गुप्ते म्हणाले. हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला.

नीरजाने काच बघितली, फोटो बघितला आणि शिकवण्याच्या आवाजात म्हणाली, "सिंपल आहे, काका. काच आणि कागद थंडीत वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात. फ्रीजरमध्ये ठेवायचं, फोटो आपोआप सुटतो."

चार फूट बाय अडीच फुटांची काच फ्रीजरमध्ये जात नाही हे शास्त्राच्या लक्षात आलं नव्हतं. पण नीरजा हार मानणाऱ्यातली नाही. काच फ्रीजरकडे जात नसेल तर फ्रीजर काचेकडे आणायचा. सोमवारी संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर तिने गोठवलेल्या मटारची दोन पाकिटं सासूबाईंच्या डोक्यावर ठेवली. दहा मिनिटं गेली. काही सुटेना. "मग आता उलट करू," असं म्हणून तिने मटार उचलले आणि केस वाळवायचं यंत्र सुरू केलं.

"टक्."

गुप्त्यांनी पट्टी लावली. तडा १७.९ सेंटिमीटर.

"सॉरी, काका," नीरजा हळू आवाजात म्हणाली. मटार घरी घेऊन गेली आणि रात्री त्याच मटारची उसळ आणून दिली. उसळ चांगली होती, पण गुप्त्यांनी ती ओट्यापाशी उभं राहून खाल्ली.

त्या दिवसांत त्यांना एक चमत्कारिक सवय लागली. जिकडे बघावं तिकडे काचच दिसायची. सकाळी उठून डोळ्यांवर चढवायची ती काच. दाढी करताना समोर काच. लोणच्याची बरणी काच, खोबरेल तेलाची बाटली काच, डोक्यावरची ट्यूब काच, हातातला मोबाइल काच. देवघरातले देवसुद्धा काचेच्या आत. सुहासिनीताईंच्या बांगड्या आरशाशेजारी टांगलेल्या, त्याही काचेच्या. माणूस आयुष्यभर काचेतून बघत असतो, काचेकडे कधीच बघत नाही, असा एक विचार त्यांना सुचला. तो त्यांना इतका आवडला की डायरीत लिहावासा वाटला. पण डायरीत तड्याचा रकाना होता, विचारांचा नव्हता.

रोज आठला नाशिकहून फोन यायचा.

"सगळं ठीक ना?"

"सगळं ठीक."

"टेबल पुसता ना रोज?"

"पुसतो की."

"बरं," सुहासिनीताई म्हणायच्या, आणि थोडं थांबून, "अजून काही?"

"काही नाही. तुमच्याकडे थंडी कशी आहे?"

मंगळवारी कुणीतरी सांगितलं की ठाण्याला जुने फोटो दुरुस्त करणारा एक स्टुडिओ आहे. स्टुडिओवाला फोनवर म्हणाला, "घेऊन या, बघितल्याशिवाय काय सांगणार?" आता काच सोसायटीच्या फाटकाबाहेर काढायची होती. फाटकावर वॉचमनने हात आडवा केला. सामान बाहेर न्यायचं तर सेक्रेटरींची सही हवी.

सेक्रेटरी उत्तम गायकवाड. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, अत्यंत सज्जन आणि त्याहून नियमनिष्ठ. दोन वर्षांपूर्वी सोसायटीची पाण्याची मोटर चोरीला गेली, तेव्हा सामान बाहेर नेण्याचा नियम झाला होता.

"उत्तमराव, अहो काच आहे ती. मोटर नाही."

"गुप्तेसाहेब, नियम सतरा. 'कोणतीही वस्तू.' फॉर्म भरल्याशिवाय नाही."

"हा कसला मूर्खासारखा नियम!"

"तुम्हीच केलेला आहे. तुमच्या अक्षरातला मसुदा फाइलीत आहे. दाखवू?"

फॉर्मही गुप्त्यांनीच तयार केलेला निघाला. वस्तूचा प्रकार : फर्निचर, विद्युत उपकरण, मलबा. काच यांतल्या कशातच बसत नव्हती. उत्तमरावांनी पेन्सिलने 'इतर' असा रकाना आखून दिला, पण तो कमिटीने मंजूर करावा लागेल म्हणाले. मंजुरी संध्याकाळी जिन्यातच झाली, तीन सभासद पायऱ्यांवर बसून. शेवटचा प्रश्न होता : 'वस्तू सोसायटीत परत येणार आहे का? होय / नाही.' गुप्त्यांनी बराच वेळ विचार केला आणि प्रामाणिकपणे लिहिलं : 'काच नाही. सासूबाई होय.'

उत्तमरावांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि सही केली. मग फॉर्म हातात देताना म्हणाले, "माझ्या आईचा तर एकही फोटो नाही, गुप्तेसाहेब. जपून न्या."

बुधवारी सकाळी राघोचा टेम्पो ठरला. राघो दिवा गावात पाण्याचे जार पोचवतो. तिथे नळाला पाणी कधी येतं हे नळालाही माहीत नसतं. जार उतरवून तो ठाण्याला जाणार होता. वीस-वीस लिटरच्या जारांवर गादी, गादीवर काच, काचेवर चादर, आणि शेजारी मांडी घालून एक हात काचेवर ठेवलेले गुप्ते, अशी ही मिरवणूक डोंबिवलीतून निघाली. शीळफाट्याच्या रस्त्यावर जेवढे खड्डे होते तेवढे राघोने चुकवले, आणि जेवढे चुकवले तेवढेच नवे गाठले. प्रत्येक गतिरोधकाला गुप्ते "अरे हळू, रे!" असं ओरडायचे. राघो मागे वळून "काका, हळूच आहे!" म्हणायचा, आणि मागे वळून बघताना पुढचा गतिरोधक त्याला दिसायचाच नाही.

दिव्याला जार घ्यायला बायका जमल्या. त्यांतल्या एकीने चादर वर करून बघितलं. "कोण, आई तुमची?"

"सासू."

"सासूसाठी एवढं?" त्या बाईने कौतुकाने बाकीच्यांकडे पाहिलं. "बघा गं. आमच्याकडच्यांना दाखवा कुणीतरी." आणि मग चौघीजणींनी मिळून, जार उतरवताना काच हलू नये म्हणून, गादी चारी बाजूंनी धरून ठेवली. गुप्त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आपण काही सरकारी कामगिरीवर आहोत असं वाटलं.

ठाण्याचा स्टुडिओ चकाचक होता. तिथल्या तरुणाने काचेवरूनच फोटोचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला आणि म्हणाला, "अंकल, ओरिजिनल कशाला काढायचा? रिस्क आहे. दोन मिनिटं द्या, नवा बनवून देतो." दोन मिनिटांनी पडद्यावर सासूबाई अवतरल्या. रंगीत, गोऱ्यापान, गालांवर सुरकुती नाही, नऊवारीला सोनेरी काठ.

"कसं वाटतंय?"

"छान आहे," गुप्ते म्हणाले. "कोण आहे?"

"तुमच्या सासूबाई."

गुप्त्यांनी जवळ जाऊन बघितलं. "हे पाण्यात काय आहे?"

"तिथे कचरा होता काहीतरी. कॉम्प्युटरने कमळ केलंय."

"अरे, कचरा नाही तो! चप्पल आहे!" गुप्त्यांचा आवाज चढला. "चप्पल पडली म्हणून तर हसतायत त्या! कमळ बघून कुणी इतकं हसतं का?"

तरुण शांतपणे म्हणाला, "हसू कमी करू?"

गुप्ते सासूबाईंना घेऊन तडक बाहेर पडले. परतीच्या वाटेवर त्यांनी राघोला हळू चालव असंही सांगितलं नाही. घरी आल्यावर पट्टी लावली : २२.६. कडेपासून फोटोपर्यंतचं अंतर सव्वीस सेंटिमीटर होतं. डायरीतले आकडे एकाखाली एक बघितल्यावर हिशेब कळायला निरीक्षक असण्याची गरज नव्हती.

काचेचं दुकान घरापासून दहा मिनिटांवर होतं. कोपरच्या रस्त्यावर, 'काळुराम ग्लास'. मग गुप्ते सगळ्यात आधी तिथे का गेले नाहीत? कारण बावीस वर्षांपूर्वी ते तिथे गेलेले होते, अधिकृतपणे. काळुराम म्हात्रेची लाकडी मीटरपट्टी तीन मिलिमीटर आखूड भरली होती आणि गुप्त्यांनी ती जप्त केली होती. पट्टी काळुरामच्या वडिलांच्या वेळची होती. "साहेब, बाची आठवन हाय, ठेवा ना," असं तो म्हणाला होता. गुप्त्यांनी नियम वाचून दाखवला होता. त्यानंतर बावीस वर्षं ते कोपरला जाताना तेवढ्यापुरता रस्ता ओलांडायचे.

गुरुवारी सकाळी त्यांनी रस्ता ओलांडला नाही.

काळुराम आता पन्नाशीपुढचा, केस पिकलेला. दुकानात भिंतीला लावून काचा उभ्या, मासे नसलेल्या माशांच्या टाक्या, गणपतीच्या मखरासाठी कापलेले आरशाचे तुकडे. त्याने मान वर केली आणि एकदम ओळखलं.

"या साहेब. पट्टी बघाला आलाव? आता शिक्क्याची हाय."

"नाही हो. कामासाठी आलोय," गुप्ते म्हणाले. त्यांनी सगळं सांगितलं. पंखा, टेबल, मटार, टेम्पो, कमळ. सांगताना लक्षात आलं की यातला एकही भाग आपल्याला शोभून दिसत नाही. आणि शेवटी, कुणी विचारलं नसताना, ते म्हणाले, "ती पट्टी... तुम्ही आठवण म्हणालात तेव्हा मला कळायला हवं होतं. आता कळतंय."

काळुरामने हातातली काच भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "आखूड तं होतीच ती, साहेब. बा पन आखूडच होता जरा." आणि हसला. "च्या घ्या."

चहा पिताना त्याने काचेची माहिती सांगितली. "साधी हाय म्हनून वाचलाव. ती दुसरी, कडक केलेली असती ना, तुमी पाय देताच तिची साखर झाली असती. आनि तुमी सगले मिलून फोटोला काचेपासून काढत बसलाव. कशाला? काचेला फोटोपासून काढा."

"म्हणजे?"

"फोटो लागलाय तेवढीच काच ठेवाची. बाकीची कापून टाकाची. फोटोला हात लावाचाच नाय."

गुप्त्यांनी कप खाली ठेवला. केमिस्ट्री, कॉम्प्युटर आणि कमिटी यांतल्या कुणालाही हे सुचलं नव्हतं.

"पण तडा?"

"तडा आळशी असतोय, साहेब. त्याच्या पुढं आपन एक रेघ मारून ठेवाची. आयती वाट भेटली का तिकडंच जातोय. आता काच हलवू नका. उद्या दुपारी मीच येतो."

शुक्रवारी दुपारी काळुराम आला. टेबलावर दोन कांबळी अंथरून त्याने काच त्यावर घेतली, हात फिरवला, तड्याच्या टोकाला कान लावल्यासारखा वाकला. गुप्त्यांनी पट्टी पुढे केली. काळुरामने ती घेतली, उलटीसुलटी बघितली आणि परत दिली. "मोजमाप तुमीच करा. नायतर परत जप्ती याची." गुप्त्यांनी फोटोभोवती चारी बाजूंना एकेक सेंटिमीटर सोडून स्केचपेनने खुणा केल्या. मग त्या सगळ्या पुन्हा मोजल्या. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

काळुरामने काच कापायची हिरकणी रॉकेलमध्ये बुडवली. "आता कोनी बोलाचा नाय."

आणि त्याच क्षणी कुलपात किल्ली फिरली. दार उघडलं. हातात पिशवी घेतलेल्या सुहासिनीताई दारात उभ्या होत्या. त्या रविवारी यायच्या होत्या.

काळुरामने मान वर न करता डावं बोट उंच धरलं. सुहासिनीताईंनी चपला काढल्या, पिशवी आवाज न करता खाली ठेवली आणि नवऱ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. दोघंही टेबलाकडे बघत होते.

"मी टेबलावर चढलो होतो," गुप्ते कुजबुजले.

"माहितीये."

"कसं?"

"काच तडकली म्हटल्यावर ओळखलं. रविवारीच वाचलं. ग्रुपवर."

"मग बोलली नाहीस?"

"रोज फोन करत होते ना. अजून काही, अजून काही, विचारत होते. म्हटलं आज सांगाल, उद्या सांगाल. शेवटी काल नीरजाला विचारलं. टेम्पोचं ऐकलं आणि सकाळची गाडी धरली."

"रागावलीस?"

सुहासिनीताईंनी नवऱ्याचं मनगट धरलं, आणि ते इतकं घट्ट धरलं की राग कुठला आणि भीती कुठली ते गुप्त्यांना कळेना.

"आवाज नको," काळुराम म्हणाला.

हिरकणी काचेवरून फिरली. कर्र. रेघ इतकी बारीक होती की दिसलीच नाही. काळुरामने खालून अलगद ठोकलं. तडा हलला. डोळ्यांदेखत दोन बोटं पुढे सरकला, रेघेपाशी पोचला, आणि आळशी माणूस उताराला लागावा तसा वळून रेघेवरून निघून गेला. काचेचा मोठा तुकडा सुटून कांबळ्यांवर आडवा झाला. मग दुसरी बाजू. तिसरी. चौथीला काळुरामने श्वास रोखला, आणि त्याच्याबरोबर घरातल्या सगळ्यांनी.

"झाला," तो म्हणाला.

त्याच्या तळहातावर पोस्टकार्डाहून जरासा मोठा काचेचा तुकडा होता. आत बोट होती, तलाव होता, वाकलेले सासरेबुवा होते, तरंगणारी चप्पल होती. एका कोपऱ्यातलं आकाश तेवढं नखाएवढं कागदापासून सुटलेलं होतं. आणि सासूबाई हसत होत्या.

सुहासिनीताईंनी पदराने डोळे पुसले. गुप्त्यांनी डायरी काढली आणि तड्याच्या रकान्याखाली रेघ मारली.

काळुरामने कानशीने धारदार कडा घासल्या. "फ्रेममध्ये बसवाचा तं पाठीवरचा हा कपडा काढाला लागल," असं म्हणत त्याने ब्लेडच्या टोकाने हिरव्या कापडाचा तुकडा उचलायला सुरुवात केली. कापड जुनं झालं होतं, धाग्याधाग्याने निघत गेलं. खालून कागद दिसायला लागला. कागदावर शिसपेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं.

"आईचं अक्षर," सुहासिनीताई म्हणाल्या.

तो फोटो माहेरच्या ट्रंकेत मिळाला होता आणि तसाच सत्तावीस वर्षांपूर्वी नव्या टेबलाच्या काचेखाली गेला होता. उलटून कधी कुणी बघितलंच नव्हतं. सुहासिनीताईंना चष्म्याशिवाय वाचता येईना. गुप्त्यांनी तुकडा खिडकीपाशी नेला आणि मोठ्याने वाचलं :

"'हा फोटो कोणाला दाखवू नये. दात दिसतात.'"

सत्तावीस वर्षं त्या टेबलावर सगळ्या डोंबिवलीने चहा प्यायला होता. मीटरवाले, विमावाले, मुली बघायला आलेले, मुली दाखवायला आलेले, पोस्टमन, व्याही, तीन निवडणुकांचे उमेदवार. प्रत्येकाने बशी जरा बाजूला सरकवून विचारलं होतं, "या कोण?"

आधी काळुराम हसला. मग गुप्ते. सुहासिनीताई आधी तोंडावर हात धरून हसल्या, मग हात खाली आला, मान मागे गेली, आणि गुप्त्यांनी हातातल्या काचेकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं, आणि परत काचेकडे.

"मना तं दात दिसलंच नाय, ताई," काळुराम डोळे पुसत म्हणाला. "बोट दिसली. मंग, आता काय कराचा? भिंतीला लावाचा, का आईनं सांगलाय तसा ठेवून द्याचा?"

सुहासिनीताईंनी नवऱ्याच्या हातातून तुकडा घेतला.

"ही इथे सव्वीस वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "मी एकसष्ट. मोठी कोण? आता मी सांगेन तसं तिने ऐकायचं. दारासमोरच्या भिंतीला लावा."